पुरूला विचारले तरी होते

महाभारताच्या आदिपर्वात ययातीची कथा येते. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला हा राजा आपल्या पाच मुलांना एकेक करून विचारतो की, माझे वार्धक्य घेऊन तुझे तारुण्य मला देशील का? यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात. धाकटा पुरू हो म्हणतो. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे मराठी वाचकाच्या मनात ययाती म्हणजे न शमणारी भोगवासना, असे समीकरण बसले आहे. पण या कथेत भोगाहून वेगळा असा देण्याघेण्याचाही एक प्रश्न आहे. मोठ्यांनी लहानांच्या आयुष्यातला काळ मागावा का, आणि घेतलाच तर ते त्यांचे काय देणे लागतात? करोनाच्या काळात महाराष्ट्रातल्या शाळांचे आणि शाळकरी मुलांचे जे झाले, त्याचा विचार शैक्षणिक नुकसान म्हणून पुष्कळ झाला. नीतीचा प्रश्न म्हणून तो फारसा झाला नाही. थोरामोठ्यांचे जीव वाचावेत म्हणून आपण मुलांकडून त्यांची वर्षे घेतली. ते घेणे बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे नसेल. तरी ते ऋण होते, आणि ऋण म्हणून त्याची नोंद आपण कुठेही केली नाही, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिली हरकत अशी येईल की, शाळा बंद ठेवल्या त्या मुलांच्याच रक्षणासाठी. ती पूर्ण खोटी नाही. काही मुलांना करोनानंतर गंभीर गुंतागुंत झाली, काही दगावली, आणि ज्या घरात असे घडले त्या घराला टक्केवारी सांगून उपयोग नसतो. पण मुलांना असलेला धोका वृद्धांच्या मानाने फारच कमी आहे, हे 2020च्या मध्यापर्यंत देशोदेशीच्या आकड्यांतून दिसू लागले होते. त्यानंतर शाळा बंद ठेवण्यामागचा खरा जोर दुसऱ्याच मुद्द्यावर होता. मूल शाळेतून विषाणू घेऊन येईल आणि घरात आजी-आजोबा आहेत, हा तो मुद्दा. दोन खोल्यांत तीन पिढ्या राहतात अशा समाजात ही भीती रास्त होती. ती रास्त होती म्हणूनच हिशेब स्पष्ट होतो. मुलाला घरात बसवले ते त्याच्यासाठी थोडे आणि आजोबांसाठी जास्त.

कुठले कुलूप कधी उघडले, यावरून समाजाने कशाला किती किंमत दिली ते कळते. मार्च 2020च्या मध्यावर शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. मुलांना सरासरीने गुण मिळाले. 5 ऑक्टोबर 2020 रोजी उपाहारगृहे आणि बार उघडले. 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, प्रार्थनास्थळे उघडली. 23 नोव्हेंबरला नववी ते बारावीच्या वर्गांना परवानगी मिळाली, तीही स्थानिक प्रशासनाच्या मर्जीवर सोपवून. पाचवी ते आठवीची पाळी जानेवारी 2021 अखेर आली. मग दुसरी लाट, पुन्हा बंद, दहावीची परीक्षाच रद्द, आणि जुलैमध्ये 99.95 टक्के निकाल. पहिली ते चौथीच्या वर्गांना राज्याने वाट मोकळी केली ती 1 डिसेंबर 2021 रोजी, आणि जानेवारीत ओमायक्रॉनमुळे काही आठवडे परत कुलूप लागले. उपाहारगृहांवर लाखो लोकांची पोटे होती आणि देवळाबाहेरच्या फुलवाल्याची चूलही तिथेच पेटत होती, हे मान्यच आहे. पण मंदिरांसाठी पंढरपुरात आणि राज्यभर आंदोलने झाली. त्या तोडीची हाक चौथीच्या वर्गासाठी कुणी दिल्याचे ऐकू आले नाही. ज्याला मत नाही आणि ज्याचा धंदा नाही, त्याचे थांबणे समाजाला फुकटचे वाटले. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात हे थांबणे जवळजवळ एकवीस महिन्यांचे होते.

घेतले ते नेमके काय? वाचन, पाढे, अभ्यासक्रम हे मोजता येते म्हणून त्याचीच चर्चा झाली. पण शाळेचा दिवस सुरू होतो तो परिपाठाने. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, आजच्या बातम्या, आणि कितीतरी शाळांत पसायदान. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी पाळी आली की पुढे उभी राहते आणि दोनशे जणांसमोर चार बातम्या वाचते. चुकली तर कुणी हसते, बाई त्याला गप्प करतात, आणि पुढच्या वेळी ती चुकत नाही. खो-खोच्या संघात आपल्याला घेतले नाही याचे दुःख, स्नेहसंमेलनात झाडाची का होईना पण भूमिका मिळाल्याचा आनंद, हस्तलिखितात आलेले पहिले नाव, शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक, क्षेत्रभेटीला जाताना दोघात वाटून खाल्लेला डबा, यांतले काहीच निकालपत्रकावर येत नाही. तरीही आपल्यासारख्या समाजात घर, भावकी, वाडी आणि जात यांच्या बाहेरचे पहिले ठिकाण म्हणजे शाळा. ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही अशा चाळीस जणांबरोबर बरोबरीने बसायला मूल तिथे शिकते. शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य शाळा बंद असताना घरोघरी वाटले गेले, आणि ते चांगलेच झाले. पण धान्य पोचले तरी पंगत पोचली नाही. कोण कुणाशेजारी बसून खिचडी खातो याला या देशात अर्थ आहे; तो अर्थ पिशवीत भरून घरी देता येत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वर्गाइतकेच वसतिगृहाला वाहून घेत होते आणि मुलांसाठी ‘विद्यार्थी’ मासिक चालवत होते. मुलांचे एकत्र राहणे हाच शिक्षणाचा गाभा आहे, ही त्यांची समज त्यातून दिसते.

इथे दुसरी हरकत येते. शिक्षण थांबले कुठे होते? ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणून राज्याने मोहीम चालवली. जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागत होती. शहरातल्या शाळांनी स्नेहसंमेलनसुद्धा मोबाइलवर घेतले. हे सगळे झाले आणि शिक्षकांनी जीव तोडून केले. मोखाड्याच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून धडे ऐकवले गेले. सोलापूरच्या नीलमनगरात विणकरांच्या घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले गेले. करोनाच्या कामाला जुंपलेले असताना, तपासणी नाक्यावर आणि सर्वेक्षणात दिवस घालवून, अनेक शिक्षकांनी हे केले. त्यांच्याविषयी उणा शब्द काढणे अन्यायाचे होईल. पण ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत झालेल्या पाहणीत काय आढळले? ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले 8 टक्के, आणि अजिबात न शिकणारी 37 टक्के. ज्याच्या घरात एकच मोबाइल होता आणि तो बापाबरोबर कामावर जात होता, त्याच्यासाठी शिक्षण सुरू नव्हते. आणि ज्याच्याकडे मोबाइल होता, तो कॅमेऱ्यासमोर एकटा नाचला. ध्वनिक्षेपक आणि भिंत यांचे मोल मला म्हणूनच अधिक वाटते, कारण भोवती चार मुले जमतील अशी ती साधने होती. सोबतीशिवाय शाळा नाही, हे ज्यांनी ती साधने उभी केली त्यांना सांगावे लागले नव्हते.

तिसरी हरकत सर्वांत वजनदार आहे. दोष कुणाचाच नव्हता. रोग आला, त्या वेळी जे सुचले ते केले. मग ऋण कसले? इथे दोष आणि ऋण यांची गल्लत होते. पावसाने शेत वाहून गेले आणि पेरणीसाठी शेजाऱ्याकडून बियाणे उसने आणले, तर त्यात शेतकऱ्याचा काही अपराध नसतो, तरीही बियाणे देणे असतेच. मार्च 2020 मध्ये शाळा बंद करणाऱ्यांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात अर्थ नाही. त्यांना पुढचे दिसत नव्हते. पण ज्याने दिले त्याचे गेले ते गेलेच, आणि ज्याचा जीव वाचला तो त्याच्या देण्यावर वाचला. आईवडील दोघेही गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, तेव्हा सरकारने त्यांना मारले होते म्हणून ठेवली नाही. दोष नसतानाही देणे असू शकते, हे आपण त्या एका ठिकाणी ओळखले. मुलांच्या वर्षांच्या बाबतीत ओळखले नाही.

मग कुणी म्हणेल, वडीलधाऱ्यांसाठी लहानांनी झीज सोसावी हाच तर आपला धर्म. पितृऋण मुलांवर असते, पितरांवर नाही. परंपरेचा हा दाखला नीट वाचला तर उलटा पडतो. तैत्तिरीय संहितेत जन्मतः येणारी तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फेडायचे. यातले पितृऋण ज्याच्याकडून घेतले त्याला परत मिळतच नाही. ते पुढच्या पिढीला जन्म देऊन, वाढवून फिटते. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, म्हणजे कुणीतरी शिकवत राहील तरच फिटते. तिन्हींतली दोन देणी अशी खाली, मुलांच्या दिशेने वाहतात. शिवाय त्याग म्हणायचा तर तो स्वेच्छेचा हवा. पुरूला विचारले होते, त्याच्या चार भावांना नाही म्हणता आले होते (नकाराबद्दल त्यांना शाप मिळाला हे खरे), आणि शेवटी ययातीने तारुण्य परत केले, वर राज्य दिले. आपल्या मुलांना कुणी विचारले नाही. सहा वर्षांच्या मुलाला विचारून उपयोगही नव्हता. त्याच्या वतीने पालकांनी आणि राज्याने निर्णय घेतला. अज्ञानाच्या वतीने निर्णय घेणाऱ्याला कायदा पालक मानतो आणि त्याच्याकडून मिळकतीचा हिशेब मागतो. मिळकत वेळेची असली म्हणून हिशेब माफ होत नाही.

हा हिशेब आता मिटला आहे, असेही सांगितले जाते, आणि आकडे दाखवले जातात. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले 2018 मध्ये 27.3 टक्के होती. 2022 मध्ये ती 20.5वर घसरली, महाराष्ट्रात घसरण त्याहून मोठी होती, आणि 2024 मध्ये देशाचा आकडा पुन्हा 27च्या घरात आला. आनंदाची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण 2024 मध्ये तिसरीत असलेली मुले पहिलीत आली तीच 2022 मध्ये, शाळा उघडल्यानंतर. त्यांचे काही घेतलेच गेले नव्हते. 2022ची तिसरी तोवर पाचवीत पोचली होती, आणि तिसरीचा आकडा सुधारल्याने त्या मुलांच्या पदरात काही पडत नाही. सरासरी ही वर्गाची असते. देणे माणसाचे असते. हा फरक पुसला की ज्याला दिले नाही त्याच्याही नावापुढे ‘फिटले’ असा शेरा पडतो.

सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी पुण्याच्या प्लेगमध्ये गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपला दत्तक मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आल्या होत्या, त्यातून त्यांना लागण झाली. महाराष्ट्रातल्या शाळेच्या इतिहासात साथीच्या वेळी कुणी कुणासाठी काय सोडले, याचा हा दाखला आहे, आणि त्यात झीज मोठ्या माणसाची आहे. तेवढे आज कुणी मागत नाही. मागणे साधे आहे. पुढच्या साथीत प्राथमिक वर्ग सर्वांत शेवटी बंद होतील आणि सर्वांत आधी उघडतील, असा नियम आताच लेखी करून ठेवावा. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात आणि वर्गातल्या शिक्षकाला दुसऱ्या कामांना जुंपू नये. परिपाठ, खेळाचा तास, स्नेहसंमेलन यांना अभ्यास बुडवणाऱ्या गोष्टी समजून कात्री लावू नये. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार 2023 मध्ये राज्याने पुढे आणला. ज्या वस्तीवरची शाळा एकवीस महिने बंद होती, ती पटाच्या कारणाने कायमची बंद करण्याआधी त्या वस्तीचे आपण काय देणे लागतो, हे आधी पाहावे.

आणि ऋणको कोण, धनको कोण, हे शोधायला कुठे लांब जायचे नाही. प्रत्येक शाळेच्या जनरल रजिस्टरात जून 2020 मध्ये पहिलीत दाखल झालेल्या मुलांची नावे आहेत. शाळा व्यवस्थापन समितीने ती यादी काढावी, त्यातले कोण शिकते आहे, कोण ऊसतोडीला गेले, कुणाचे लग्न लावून देण्याची बोलणी चालली आहेत, ते घरी जाऊन विचारावे, आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. वर्ष न गमावता चालत राहिलेली त्यातली मुले मार्च 2030 मध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील.