कोणत्या सालचा किल्ला?

नवरात्रातली एक संध्याकाळ दुर्गाडीची, हा आमच्या घरचा नियम. विठ्ठलवाडीहून रिक्षा, कल्याणातलं ट्रॅफिक, खाडीपुलाजवळ उतरायचं आणि आईचा हात धरून हळूहळू वर. मागच्या खेपेला भाचा सोबत होता. नव्यानं बांधलेल्या भिंतीवर तळहात टेकवून त्यानं विचारलं, "मामा, हा शिवाजी महाराजांच्या वेळचा दगड ना?"

मी हो म्हणालो. गर्दी होती, आईला धाप लागली होती, पोराचा चेहरा खुलला होता. पण मी खोटं बोललो होतो आणि ते रात्रभर टोचत राहिलं. मी तरी का खोटं बोललो म्हणायचं? खोटं त्या भिंतीनंच आधी बोललं नव्हतं का?

ऑक्टोबर १६५७ मध्ये महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली. खाडीकाठी किल्ला उभा राहिला आणि त्याच्या आडोशाला जहाजं बांधायला सुरुवात झाली. मराठी आरमाराचा आरंभ इथला. ती जहाजं बांधणाऱ्यांत रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज होता, त्याचे लोक होते. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवलं आणि ते काम सोडून पळाले. स्वराज्याचं आरमार परक्या कारागिरांच्या हातांनी सुरू झालं आणि ते पळाल्यावरही थांबलं नाही. मला ही गोष्ट कुठल्याही बुरुजापेक्षा भारी वाटते. रील मात्र बुरुजाचंच होतं.

नंतर इथं मोगल आले, पेशवाई आली, १७८० मध्ये इंग्रज आले. कल्याणचं बंदर तर त्याआधी दीड हजार वर्षांपासून नांदत होतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूरांची नावं आहेत. मग पडलेली भिंत पुन्हा उभारताना कोणत्या सालचा किल्ला बांधायचा? पडक्या किल्ल्यात ही सगळी सालं एकावर एक पडून असतात. नवा बांधायचा तर एक निवडावं लागतं, म्हणजे बाकीची पुसावी लागतात. आणि दुर्गाडीवर साल निवडणं हे साधं काम नाही. एकाच टेकडीवर देवीचं देऊळ आणि नमाजाची जागा. ईदच्या दिवशीची दर्शनबंदी, शिवसेनेचं घंटानाद आंदोलन, १९७६ पासूनचा दावा आणि डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या न्यायालयानं तो फेटाळणं, हे सगळं इथल्या माणसाला पाठ आहे. मालकी कोर्ट ठरवू शकतं. आठवण कुणाची, हे कोर्टाला विचारलेलंच नसतं.

१९६४ च्या व्हेनिस सनदेत एक नियम आहे: जिथं अंदाज सुरू होतो, तिथं जीर्णोद्धार थांबला पाहिजे. वाचताना पटतं. पण मग वॉर्सा? महायुद्धात नाझींनी ते जुनं शहर पाडलं, लोकांनी जुनी चित्रं समोर ठेवून ते पुन्हा बांधलं आणि १९८० मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. त्याला खोटं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. फरक एवढाच, की वॉर्सातल्यांनी आपलं घर पडताना पाहिलं होतं. १६५७ चा किल्ला पाहिलेलं आज कुणी नाही. आपण हरवलेलं परत आणत नाही, हवं असलेलं मागवतो.

आता माझ्याच विरुद्ध एक मुद्दा, आणि तो मला नीट खोडता आलेला नाही. महाराजांनी स्वतः अवशेष जपले नाहीत. मुरुंबदेवाचा डोंगर घेतला, बांधून काढला, नाव राजगड ठेवलं. त्यांना किल्ला वापरायचा होता. पडकं तसंच ठेवावं, हा विचार ज्यांना किल्ल्याची गरज उरलेली नाही अशांचा आहे. माझ्यासारख्यांचा. मी विठ्ठलवाडीच्या प्लॅटफॉर्मवरून मलंगगडाचा पडका माथा बघून हळवा होतो, कारण मला तिथं रात्रीचा पहारा द्यायचा नसतो.

शिवाय दुर्गाडी वापरातली आहे. नवरात्रात हजारो माणसं त्या मातीवर उभी राहतात. ढासळता बुरुज सौंदर्य म्हणून सोडून देणं म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर सोडणं. तेव्हा बांधा, जरूर बांधा. पण चुन्यात बांधा. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि शेजारचा जुना दगड त्यानं खराब होतो. आणि नव्या भागावर साल कोरा. 'दुरुस्ती, अमुक वर्ष', बस. जुनं दिसावं म्हणून नव्या दगडाला वय लावू नका. कसलेल्या गवंड्याला यात काही अवघड नाही. अवघड आहे ते आपल्याला, कारण आपल्याला फोटोत १६५७ हवं असतं.

परतताना रिक्षात मी भाच्याला खरं सांगितलं. "तू हात लावलास ना, ती भिंत तुझ्यापेक्षा लहान आहे."

तो हिरमुसला. खाडीकडे बघत राहिला. "मग जहाजं कुठं बांधायचे?"

तिथंच, मी म्हणालो, पाण्याजवळ. पुलावरून आता नीट दिसत नाही.

आई इतका वेळ गप्प होती. "लहान असू दे नाहीतर मोठी," ती म्हणाली, "उतरताना तीच धरून उतरले मी."