संयमाचे माप आणि फॅन कंट्रोलरची निवड

संयम म्हणजे ठरावीक प्रमाणात कमी करणे, की परिस्थितीला साजेसा प्रतिसाद देणे, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. आपले तारतम्य एखाद्या नियमाच्या किंवा यंत्राच्या हाती सोपवल्यावर त्याची जबाबदारी कोणाकडे राहते, हा त्याला लागूनच येणारा आणि आज अधिक निकडीचा झालेला दुसरा प्रश्न. डेस्कटॉप संगणकासाठी फॅन कंट्रोलर, म्हणजे पंख्यांची गती कमीजास्त करणारे उपकरण, निवडणे ही वरवर तांत्रिक बाब वाटली, तरी तिच्यात हे दोन्ही प्रश्न पुरेशा स्पष्टपणे उभे राहतात.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जी वीज घेतात तिची जवळजवळ सगळी अखेर उष्णता होते आणि ती कॅबिनेटबाहेर घालवण्याचे काम पंखे करतात. पंखे सतत पूर्ण गतीने फिरवले तर तापमान आटोक्यात राहते, पण आवाज, आत ओढली जाणारी धूळ आणि बेअरिंगची झीज वाढते; ते कायम मंद ठेवले तर कामाचा भार येताच तापमान चढते आणि प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी आपला वेग उतरवतो, ज्याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. पंख्याची गती निम्मी केली की हवेचा प्रवाहही साधारण निम्मा होतो, मात्र लागणारी शक्ती एक अष्टमांशावर येते, कारण शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. थोड्या संयमाने मोठी बचत होते, हे येथे गणितानेच दिसते.

यावरून गती कायमची निम्म्यावर ठेवणे हाच मध्यममार्ग, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या दुसऱ्या भागात हीच गल्लत दूर केली आहे: दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडे असले, म्हणून सहा माप प्रत्येकाला योग्य ठरत नाही, मायलो या मल्लाला ते अपुरे पडेल आणि व्यायामाला नुकतीच सुरुवात करणाऱ्याला जास्त होईल. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही अतिआहार आणि निराहार, अतिनिद्रा आणि जागरण ही दोन्ही टोके योगाला बाधक मानून ‘युक्त’, म्हणजे यथायोग्य, आहारविहाराचा पुरस्कार केला आहे, पण त्याचे कोणतेही अंकमाप दिलेले नाही. मध्य हा दोन टोकांमधला ठरलेला बिंदू नसून बदलत्या गरजेशी राखलेले नाते आहे.

हे नाते कोण राखणार, यावरून कंट्रोलरचे प्रकार पडतात. बटन फिरवून गती ठरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये सगळा निर्णय वापरणाऱ्याच्या लक्षावर अवलंबून असतो, आणि लक्ष दुसरीकडे गेले की कालची योग्य गती आज अयोग्य होते. मदरबोर्डवरील नियंत्रणात तापमान आणि गती यांचा आलेख, ज्याला फॅन कर्व्ह म्हणतात, एकदा आखून दिला की पुढची अंमलबजावणी यंत्र करते. तिसऱ्या प्रकारात पंख्यांचा हब यूएसबीने जोडून संगणकावरील सॉफ्टवेअरमधून चालवतात. त्यात सोय अधिक, परंतु ते सॉफ्टवेअर बंद पडल्यास हब कसा वागतो हे आधीच पाहावे लागते. कोणताही प्रकार घेतला तरी तीन तारांच्या पंख्याची गती व्होल्टेज बदलून आणि चार तारांच्या पंख्याची गती पीडब्ल्यूएम संकेताने, म्हणजे सुमारे 25 किलोहर्ट्झच्या स्पंदांची रुंदी बदलून, नियंत्रित होते, हा भेद लक्षात ठेवावा लागतो. मदरबोर्डच्या एका जोडणीची क्षमता बहुधा 1 अँपिअर असते. पंखे अधिक असतील तर पॉवर सप्लायमधून थेट वीज घेणारा हब लागतो.

नियम कितीही प्रमाणबद्ध असला तरी तो कशाकडे पाहतो, हा प्रश्न उरतोच. न्यायदर्शनात यथार्थ ज्ञानाच्या साधनाला प्रमाण म्हणतात आणि साधन सदोष असेल तर त्यावर उभारलेला निर्णयही सदोष ठरतो. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाशी बांधलेले असताना ग्राफिक्स कार्ड तापत असेल, तर पंखे नियमाचे काटेकोर पालन करत राहतात आणि तरीही त्यांचे वागणे चुकते. म्हणून स्वतंत्र तापमान-संवेदक जोडता येणारा किंवा ग्राफिक्स कार्डाचे तापमान वाचू शकणारा कंट्रोलर अधिक विश्वासार्ह ठरतो.

प्रतिसादाची घाई हाही असंयमच होय. एखादा प्रोग्राम उघडताच प्रोसेसरचे तापमान क्षणात चढते आणि लगेच उतरते. पंखा अशा प्रत्येक उसळीमागे धावू लागला तर त्याची सततची चढउतार स्थिर आवाजापेक्षा अधिक त्रास देते. त्यासाठी चांगल्या कंट्रोलरमध्ये विलंब आणि हिस्टेरिसिस असते, म्हणजे तापमान ठरावीक अंशांनी बदलल्याखेरीज गती बदलत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत-उष्णाचे स्पर्श येणारे-जाणारे आहेत, ते सोसावेत, असा उपदेश आहे. त्याच्याशी याचे साम्य आहे, पण ते मर्यादित आहे, कारण कंट्रोलर क्षणिक उष्णता सोडून देतो आणि टिकून राहिलेल्या उष्णतेला मात्र उत्तर देतो.

यंत्राला इच्छा नसते, मोह नसतो, मग त्याच्या वागण्याला संयम का म्हणावे, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो रास्त आहे. ॲरिस्टॉटलच्या मते सद्गुण विवेकपूर्वक केलेल्या निवडीत असतो आणि कंट्रोलर काहीच निवडत नाही. शांतता महत्त्वाची की कामाचा वेग, पंख्याचे आयुष्य की तापमानाचे दोन अंश, हे साध्य आलेख आखणाराच ठरवतो. यंत्राकडे जाते ते साधनाचे काम. तेव्हा संयमही आलेख आखणाऱ्याचाच आणि त्यातून उद्भवणारी चूकही त्याचीच.

चार तारांच्या पंख्याच्या प्रमाणित रचनेत या जबाबदारीची जाण दिसते: नियंत्रण-संकेत मिळेनासा झाला तर पंखा थांबत नाही, पूर्ण गतीने फिरू लागतो. आवाजाचा त्रास पत्करावा, पण हानी होऊ देऊ नये, हा अग्रक्रम कोणीतरी विचारपूर्वक आधीच ठरवून ठेवला आहे. कंट्रोलर निवडणाऱ्यानेही हीच कसोटी लावावी: ज्या कामात अखंड लक्ष लागते ते यंत्राकडे द्यावे, कशाला किती महत्त्व द्यायचे हे स्वतःकडे ठेवावे आणि आपली योजना कोलमडली तर काय वाचले पाहिजे, याचे उत्तर खरेदीपूर्वीच देऊन ठेवावे.