अधांतरीची सोबत

बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी माणसांना डोंगरमाथ्यावर नेणारे जे खुर्चीपाळणे परदेशांत असतात, त्यांची रचना विचार करायला लावणारी आहे. एक अखंड फिरता दोर, त्याला टांगलेल्या खुर्च्या आणि तो दोर ओढणारे एक यंत्र. यंत्र थांबले की सगळे एकाच क्षणी थांबतात, परंतु प्रत्येकजण आपापल्या खुर्चीत. पुढच्याची पाठ दिसते, हात धरता येत नाही. हातपाय धड असून माणसाला करण्यासारखे काहीच उरत नाही.

बहुधा थोड्याच वेळात यंत्र पुन्हा सुरू होते आणि घरी सांगायला एक गंमत होते. नेहमीच तसे घडत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये माँ ब्लाँ पर्वतावर हिमनदीवरून जाणाऱ्या पाळण्यांचे दोर एकमेकांत गुंतले व ११० माणसे अडकली. हेलिकॉप्टरांनी पुष्कळांना उतरवले. अंधार पडताच ते काम थांबले आणि ३३ जणांना रात्र अधांतरीच काढावी लागली.

सुटका करणे ज्या घटकेला कोणालाच शक्य नसते, त्या घटकेला अडकलेल्याप्रती आपले काही कर्तव्य उरते काय?

हिमाचल प्रदेशातील परवाणू येथे ऑक्टोबर १९९२ मध्ये रज्जुमार्गाचा ओढदोर तुटला आणि प्रवाशांचा पाळणा दरीवर लोंबकळत राहिला. पाळण्यावरच्या कर्मचाऱ्याने उडी टाकली व तो दगावला. (त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार जमिनीवर पाय असलेल्या कोणालाही नाही, असे आम्हांला वाटते.) पुढे वायुदलप्रमुख झालेले फली होमी मेजर हेलिकॉप्टर घेऊन आले. त्यातून छत्रीधारी दलाचे अधिकारी आयव्हन जोसेफ क्रास्टो दोराने पाळण्यावर उतरले. एकेकाला पट्ट्यात बांधून वर पाठवता पाठवता दिवस मावळला आणि काही प्रवासी मागे राहिले. क्रास्टो यांना परत जाता आले असते. ते गेले नाहीत. ती रात्र त्यांनी त्या पाळण्यातच काढली. दुसऱ्या दिवशी उरलेले सुटले. क्रास्टो यांना पुढे कीर्तिचक्र मिळाले.

हिशेबी माणूस विचारील, त्या रात्री त्यांचा उपयोग काय झाला? रात्री कोणाला पट्टे बांधायचे नव्हते. पाळण्यावर एका माणसाचा भार वाढला, आणि सकाळी सोडवायच्या माणसांत एकाची भर पडली. हा हिशेब खोटा नाही. परंतु 'उद्या येऊ' असे दुरून सांगणाऱ्याला त्या शब्दांची काही किंमत मोजावी लागत नाही. पाळण्यात बसून तेच सांगणाऱ्याने स्वतःचा जीव तारण ठेवलेला असतो. जाऊ शकणारा मनुष्य गेला नाही, एवढ्यावरच उरलेल्यांना सकाळीचा भरवसा धरता येतो.

कालवारीवर पवित्र मरियेला एक खिळाही उपसता आला नाही. ती उभी राहिली. ईयोबाचे मित्रही सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. तोवर त्यांच्याइतके चांगले मित्र कोणाला मिळाले नसतील. मग त्यांनी तोंड उघडले आणि तो का अडकला हे त्यालाच समजावू लागले! आपल्या धर्मग्रामांत हे मित्र अजून भेटतात. डायलिसिसवरच्या माणसाकडे जाऊन आपण त्याच्या खाण्यापिण्याच्या सवयींची चौकशी करतो, एका वैद्याचा पत्ता देतो आणि घड्याळाकडे पाहतो.

सोबतीचे कौतुक करताना एक सावधगिरी मात्र हवी. ज्याची सुटका आपली पैशांची पिशवी उघडल्याने होणार आहे, त्याच्याजवळ नुसते डोळे पुसत बसणे याला आम्ही सोबत म्हणणार नाही. तिथे दोरच टाकला पाहिजे.

घरी लहान मुले असलेल्या गृहस्थाने क्रास्टोंसारखे राहावे काय? तसे आम्ही कोणाला सांगणार नाही. ते एका सैनिकाने स्वतःहून केले. आजारी शेजाऱ्याच्या खाटेजवळ रात्र काढण्यात दोर तुटण्याचे भय नसते, झोप तेवढी मोडते. अशा रात्री वाटून घेणारी चार घरे एकेका आळीत निघणे फार कठीण नसावे.