दोष ठाऊक असताना

मोटारगाडीसंबंधी ज्या तक्रारी आमच्या कानांवर येतात, त्यांत पैशाची तक्रार क्वचितच पहिली असते. यंत्र आहे, ते बिघडायचेच, अशी समजूत माणूस घालून घेतो. त्याचा संताप होतो तो तोच बिघाड चौथ्यांदा घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहावे लागते तेव्हा, आणि ‘दोष आढळला नाही’ हा शेरा हाती पडतो तेव्हा. त्या शेऱ्याचा अर्थ त्याला नेमका कळतो: तुमच्या शब्दावर आमचा विश्वास नाही.

येथे मेकॅनिकची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. इंजिन तापल्यावरच बंद पडणारी गाडी रात्रभर आवारात उभी राहिली की सकाळी पहिल्याच किल्लीत सुरू होते. वायरचा सैल सांधा खड्ड्यातील धक्क्याने सुटतो आणि गॅरेजमध्ये तपासायला घेतला की जुळलेला असतो. असा दोष शोधायचा तर गाडी चालवीत दिवस घालवावा लागतो. त्या शोधाचे दाम सहसा कोणी देत नाही, बदललेल्या सुट्या भागाचे देतात. म्हणून भाग बदलला जातो आणि दोष राहतो. यात दरवेळी लबाडीच असते असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु दोष कारखान्यातच जन्मलेला असेल आणि तो कर्त्याला ठाऊक असेल, तर?

विक्रेत्याने मालातील दोष सांगितलाच पाहिजे काय, हा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात चर्चिला आहे. त्यांचे एक उदाहरण घोड्याचे आहे. त्या काळची गाडी तीच! घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते समोर दिसतेच. किंमत त्या मानाने उतरविली असेल तर विक्रेत्याने ते बोलून दाखविण्याची सक्ती नाही. मात्र दोष छुपा असेल आणि त्यापायी घेणाऱ्याचे नुकसान वा घात होण्याचा संभव असेल, तर मौन बाळगणे अन्याय ठरते. याहून महत्त्वाचा आम्हांला त्यांचा दुसरा मुद्दा वाटतो. विकतेवेळी दोष ठाऊकच नव्हता, तर विक्रेत्याकडे पाप नाही. परंतु पुढे तो कळला, की भरपाईचे बंधन त्याच क्षणी लागू होते. अज्ञान संपले की सबबही संपली.

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीचे प्रकरण या कसोटीवर घासून पाहावे. शेव्हरोले कोबाल्ट व तिच्या जातीच्या काही गाड्यांतील किल्लीचे स्विच इतके सैल होते, की जड किल्लीजुडग्याच्या ओढीने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने ते धावत्या गाडीत फिरे. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि धडक झालीच तर एअरबॅग उघडत नसे. तक्रारी आल्या तेव्हा कंपनीने त्यांची नोंद सुरक्षिततेच्या नव्हे, तर ग्राहकाच्या सोयीच्या सदरात केली. किल्लीच्या कडीतील जड वस्तू काढून टाकाव्यात, असा सल्लाही २००५ साली निघाला. पुढे २००६ साली स्विचची रचना गुपचूप सुधारण्यात आली. मात्र सुट्या भागाचा क्रमांक जुनाच ठेवला गेला, त्यामुळे तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षे उलगडा होईना. अखेर २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

या साऱ्यात आम्हांला सर्वाधिक अस्वस्थ करतो तो ‘सोय’ हा शब्द. त्या नोंदीसाठी उघड खोटे बोलण्याचीही गरज पडली नाही. धोक्याला गैरसोय म्हटले, एवढेच. नाव सौम्य दिले की मनाची टोचणी बोथट होते, हे कबुलीजबाब ऐकणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

कायद्याने थोडा आधार दिला आहे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्याने १९८२ साली ठरविले, की नव्या गाडीचा एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही गेला नाही तर तिला सदोष मानावे. आपल्याकडे असा हिशेब नाही. मारुती उद्योगाच्या एका खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वॉरंटीने सदोष भाग बदलून देण्याचे वचन दिले आहे, सबंध गाडी बदलून देण्याचे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यान्वये सरकार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते.

तथापि चार फेऱ्यांनी थकलेला आपला माणूस बहुधा न्यायालयात जातच नाही. तो गाडी विकतो. काल ज्याच्या शब्दावर गॅरेजने विश्वास ठेवला नाही, तो आज स्वतः विक्रेता असतो, आणि शेजारच्या गावचा तरुण विचारतो, “अंकल, काही काम तर नाही ना निघणार?” संत थॉमस यांनी कंपनीसाठी एक आणि धर्मग्रामस्थासाठी दुसरा असे नियम केलेले नाहीत. गॅरेजची बिले आणि ते ‘दोष आढळला नाही’चे कागद जपून ठेवावेत, आणि गाडी विकताना आरसी बुकाबरोबर तेही त्या तरुणाच्या हाती द्यावेत. किंमत चारपाच हजारांनी उतरेल.