उंबऱ्याबाहेरचा निरोप्या

परवा बॉथेलच्या घरी मी लेकीवर ओरडलो. कारण क्षुल्लक, पाच मिनिटांत विसरलोही. ती मात्र न जेवता खोलीत गेली. "मी साधंच बोललो, तिनेच मनाला लावून घेतलं," हा माझा बचाव. तिचे बायॉलॉजीचे पुस्तक टेबलावर उघडे होते, ते चाळत बसलो.

भीती वाटली की रक्तात अ‍ॅड्रेनलिन येते. पण ते यकृताच्या पेशीत शिरत नाही. बाहेरच्या पापुद्र्यातल्या रिसेप्टरला नुसते चिकटते. आत जी-प्रोटीन जागे होते, ते एका एन्झाइमला ढोसते आणि 'सायक्लिक एएमपी' हा दुसरा निरोप्या तयार होतो. तो शोधणाऱ्या अर्ल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल मिळाले. पुढे प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांची बटणे दाबली जातात. ही युक्ती १९५० च्या दशकात आपल्या शेजारच्या सिअ‍ॅटलमध्ये फिशर आणि क्रेब्स यांनी उलगडली (नोबेल १९९२). दर पायरीला निरोप फुगतो. बाहेर एक रेणू, आत साखरेचे लाखो. मूळ निरोप्या तोवर निघूनही गेलेला!

मग दोष ऐकणाऱ्याचा? तेच अ‍ॅड्रेनलिन हृदयाला पळवते आणि श्वासनलिका सैल करते. अर्थ पेशीच लावते. पण अ‍ॅड्रेनलिनला समोर कोण आहे हे ठाऊक नसते. मला लेकीचा स्वभाव सोळा वर्षे ठाऊक आहे.

पुढचे वाचून मात्र चरकलो. रिसेप्टर सतत डिवचला गेला, तर पेशी तो आत ओढून घेते. मग निरोप पोचतच नाही. पूर्वी ती माझ्याशी कडाकडा भांडायची.

दारावर टकटक केली. "सॉरी, बेटा."

"ओके, बाबा," आतून आवाज आला. दार उघडले नाही.