आजीची वारी कोण चालवणार?

वारकरी घरातलं माणूस गेलं की सुतक फिटायच्या आत एक प्रश्न निघतो. जमिनीचं काय, दागिन्यांचं काय, हे सगळं मागाहून. आधी विचारतात, वारी कोण चालवणार? गळ्यात तुळशीची माळ आहे त्याने वारी चुकवायची नसते आणि माळकरी गेला तरी घरातली वारी खंडू द्यायची नसते. मग मुलगा जातो, सून जाते, कधी पुतण्या जातो. जाणाऱ्याची श्रद्धा किती खोल आहे, हे कुणी मोजत बसत नाही. पायांनी चालणारं कुणीतरी हवं असतं.

आजी गेली तेव्हा हा प्रश्न आमच्या घरातही निघाला आणि फिरत फिरत माझ्यापाशी येऊन थांबला. मी देव मानत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजीलाही ठाऊक होतं. तरी आत्या म्हणाली, ‘‘तुझ्यावर तिचा जीव होता. तू जा.’’ गेलेल्या माणसाची श्रद्धा आपण कशी जपायची, आणि ती श्रद्धा आपल्यात नसेल तर ती जपण्याचा आपल्याला हक्क तरी आहे का, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. हा लेख त्यातूनच आला आहे.

आमचं गाव फलटण तालुक्यातलं, पावसाची कायम वाट पाहणारं. माउलींची पालखी आळंदीहून निघते, सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरा नदी ओलांडते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी पुढे नातेपुत्याकडे जाते. तो रस्ता आमच्या गावापासून फार लांब नाही. लहानपणी आजीला पंढरपूर ठाऊक झालं ते या रस्त्यावरून. पुढे १९७२चा दुष्काळ आला. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या लाखो बायकांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली. आजी त्यांच्यातलीच एक. रेशनवर लाल मिलो मिळायचा, कामावर सुकडी मिळायची. आजोबा त्यानंतर लवकरच गेले. पदरात लहान मुलं होती, वय अजून तरुण होतं.

त्या काळात नवरा गेलेल्या बाईच्या वाट्याला काय यायचं, हे नव्याने सांगायला नको. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, नागपंचमीच्या फेरात जागा नाही, लग्नकार्यात मागच्या ओळीत. कपाळ मोकळं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ साली. तोवर आजीचं आयुष्य सरत आलं होतं. गावाने जे काढून घेतलं होतं ते तिला फार आधी दुसरीकडून परत मिळालं होतं. वारीत.

वारीत तिच्या कपाळाला बुक्का लागायचा. तो लावताना तुझा नवरा आहे का, असं कुणी विचारत नाही. आणि वारीत ती फुगडी खेळायची. मी कॉलेजात असताना तिच्याबरोबर काही मुक्काम चालले होते, तेव्हा हे जवळून पाहिलं. दुपारचा विसावा होता. बायका झाडाखाली भाकरी खाऊन पाय पसरून बसल्या होत्या. टाळ वाजायला लागले तशी आजी उठली. लुगड्याचा काष्टा घट्ट केला, चपला बाजूला सरकवल्या आणि समोरच्या अनोळखी बाईपुढे हात धरले. दोघींनी मनगटं अडकवली, पावलं जुळवली, अंग मागे टाकलं आणि गरगर फिरायला लागल्या. सत्तरी ओलांडलेल्या बायका. तोंडाने पकवा घुमत होता, पदर सुटला होता, धूळ उडत होती. थांबल्यावर दोघींनी आधी श्वास घेतला, मग वाकून एकमेकींच्या पाया पडल्या. ‘‘माउली’’ म्हणाल्या. नाव विचारलंच नाही. आजीचा चेहरा लालबुंद झाला होता. गावात त्या चेहऱ्याला फेरात जागा नव्हती.

आजी गेल्यावर भेटायला आलेली माणसं दोन तऱ्हेची होती. काही म्हणायची, फार देवभोळी होती हो, एकादशी कधी मोडली नाही, हरिपाठ चुकला नाही. काही म्हणायची, काय आनंदी बाई, कायम हसत असायची. दोन्ही खरंच होतं. पण ऐकताना वाटायचं, लोक तिचे दोन भाग करतायत. पहिल्यांच्या बोलण्यात तिची भक्ती गंभीर, सुतकी होऊन जायची. दुसऱ्यांच्या बोलण्यात तिचा आनंद नुसता स्वभाव होऊन जायचा, कुणी उंच असावं, कुणी गोरं असावं, तसा. शिकलेल्या माझ्यासारख्यांना दुसरा भाग सोयीचा पडतो. तिचा आनंद तेवढा घ्यायचा आणि विठोबा तिच्यापाशीच ठेवायचा.

पण आजीला विचारलं असतं तर तिने ही वाटणी मान्य केली नसती. आनंदी राहणं हा तिच्या भक्तीचा नियम होता, एकादशीइतकाच कडक. मी एकदा परीक्षेच्या काळजीने तोंड पाडून देवघरासमोर बसले होते. ती म्हणाली, ‘‘रडतोंड घिऊन त्याच्याम्होरं कशाला बसलीस? त्याला काय कमी घोर हाय व्हय? युगं झाली उभाय त्यो. बस म्हननारं कुनी न्हाई.’’ देवाची तिला कणव यायची. त्याचे पाय दुखत असतील, असं तिला खरोखर वाटायचं. आपण त्याच्यापुढे जायचं ते त्याचा शीण घालवायला, अशी तिची समजूत होती. त्यामुळे ती मागणं मागत नसे. पंढरपुरात दर्शनाची रांग मैलोन् मैल लागते. पुढे पुढे तिला तेवढं उभं राहवेना, तेव्हा चंद्रभागेत स्नान करून ती कळसाला हात जोडायची आणि मागे फिरायची. ‘‘त्यानं बघितलं मला,’’ म्हणायची.

हा आनंद तिला सुखाने दिलेला नव्हता. सुख तिच्याकडे फारसं आलंच नाही. खडी फोडताना ती गायची, हे तिच्याबरोबर कामावर असलेल्या एका बाईने मला सांगितलं. ऊन चढलं, हात सोलवटले की आजी जात्यावरची ओवी धरायची आणि हातोड्याचा ताल त्या ओवीवर पडायचा. मुकादमसुद्धा काही बोलत नसे, कारण काम झपाट्याने व्हायचं. दुःख विसरायला गात होती, असं मी म्हटलं तेव्हा ती बाई म्हणाली, ‘‘विसरायला कशाला? दुःखाचंच गात व्हती की. पर देवाला सांगून गात व्हती.’’ मला यावर बोलता आलं नाही.

एक आक्षेप मला माझ्याच पुस्तकांतून भेटतो आणि तो खोटा नाही. वारी म्हणजे बाईला घरातून बाहेर पडायची समाजमान्य सवलत, असं म्हणतात. पंधरा-वीस दिवस चूल नाही, सासूचा डोळा नाही, शेताची कामं नाहीत, बायकांची सोबत आहे. ओव्यांमध्ये बायकांनी पंढरपूरला माहेर केलं तेही त्यामुळेच. सगळं खरं. पण एवढंच सांगून थांबलो तर आपण आजीला तिच्याच आयुष्यात चुकीचं ठरवतो. तिला सवलत हवी होती आणि विठोबा हे निमित्त होतं, असा त्याचा अर्थ होतो. तिच्या लेखी विठोबा खरा होता आणि मोकळीक त्याने दिली होती. मी तिच्याशी सहमत नाही. पण तिचं म्हणणं आधी तिच्या शब्दांत ऐकून घेणं हे तिचं देणं आहे. मेलेल्या माणसाच्या श्रद्धेचा आपल्या सोयीचा अर्थ लावणं फार सोपं असतं, कारण ते माणूस हरकत घ्यायला उरलेलं नसतं.

हे देणं श्रद्धेच्या काळ्या बाजूलाही लागू आहे. इरावती कर्वे एका दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळ्या पंगतीत जेवतात, हे त्यांना बोचलं आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिलं. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. आजीच्या श्रद्धेवरही हा डाग होता. वारीत ती कुणाच्याही हातची भाकरी खायची, कुणाच्याही पाया पडायची. घरी परतली की उंबऱ्याशी जुनी शिवाशिव पुन्हा जागी व्हायची. वारीतला नियम घरात आणायला तिला बरीच वर्षं लागली. पण तिने तो आणला, आणि कुणा सुधारकाच्या सांगण्यावरून नाही. काल्याच्या दिवशी गोपाळपूरला सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडात लाह्या-दही घातलं आणि घरी आल्यावर मात्र वेगळा पेला ठेवायचा, हे तिला पटेनासं झालं. ‘‘काला खाल्ला तवा न्हाई बाटलो,’’ एवढंच बोलून तिने तो वेगळा पेला मांडणीवरून काढला आणि इतर भांड्यांत मिसळून टाकला. तिच्या श्रद्धेतलं हेही मला जपायचं आहे, कदाचित सगळ्यात आधी.

जपायचं म्हणजे करायचं काय? बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, घरात उतरवून ठेवलेली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आलं. घरच्यांनी ती कागदावर उतरवली नसती तर ती बाईबरोबर गेली असती. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाच्या वर भरल्या. एवढं मोठं काव्य ज्या बायकांनी केलं त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ओव्या म्हणायला निमित्त उरलं नाही. आजीच्या ओव्या आमच्या घरात कुणी लिहिल्या नाहीत. आत्याला जेवढ्या आठवतात तेवढ्या मी आता उतरवून घेते आहे. आत्या एक कडवं सांगते, अडते, भाकरी थापायला लागते आणि हाताला लय लागली की पुढचं कडवं आपोआप येतं. म्हणून आमचं हे काम स्वयंपाकघरात चालतं.

आजीचा दहावा नीरेच्या काठी झाला. हल्ली दशक्रियेला मंडप असतो, माइक असतो, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं असतात. चौकात हात जोडलेल्या फोटोचा फ्लेक्स लागतो. आमच्याकडेही तो लागला. त्या फोटोत आजी गंभीर दिसते, कारण फोटो आधार कार्डासाठी काढलेला होता. लोकांची माया त्यात होती, हे मी नाकारत नाही. पण तिला शोभलं ते कीर्तन. पिंडाला कावळा शिवेना तेव्हा माणसं कुजबुजायला लागली, काय राहिलं असेल तिचं? कुणी म्हणालं, नातवाचं लग्न. कुणी म्हणालं, विहिरीचं काम. आत्या पुढे झाली, हात जोडले आणि म्हणाली, ‘‘आये, तुझी वारी चालवू.’’ कावळा लगेच शिवला असं मी सांगणार नाही. तो आला बऱ्याच वेळाने. पण शब्द दिला गेला होता, सगळ्या भावकीसमोर.

२०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. त्या वर्षी आजी अंगणात तुळशीभोवती रोज सकाळी फेऱ्या घालायची, टाळ हातात घेऊन. आज वाल्ह्याला पोचले, आज लोणंद, असं सांगायची. वेळापूरजवळ वारकरी धावा करतात. पंढरी जवळ आल्याच्या आनंदाने उतारावरून पळत सुटतात. त्या दिवशी अंगणातही तिने पाय उचलले. आम्ही ओरडलो, पडशील. ती थांबली नाही. देवळाची दारं बंद, रस्ता बंद, आणि तिची वारी चालू. श्रद्धेला आधी भावना लागते, असं मला तोवर वाटत होतं. तिला आधी पावलं लागायची. भावना वाटेत कुठेतरी येऊन मिळायची, एखाद्या वर्षी नाहीही यायची. ‘‘कवा कवा नुसतंच चालत्यात पाय,’’ असं तिनेच एकदा सांगितलं होतं. तीही वारी ती तितकीच मोजायची.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या एका वाक्यात सापडलं. श्रद्धा वारशाने येत नाही, आणि ती आल्याचं सोंग केलं तर तिचा अपमानच होईल. मी माळ घातलेली नाही. घालणारही नाही, कारण माळेबरोबर जे वचन द्यावं लागतं ते मला मनापासून देता येणार नाही. पण चालता येतं. हरिपाठ म्हणता येतो, पाण्याचा हंडा डोक्यावर घेता येतो, तळावर पोळ्या लाटता येतात, अनोळखी माणसाच्या पाया पडता येतं. आणि त्याच नियमाने, रडतोंड घेऊन जायचं नाही, हेही पाळता येतं. माझ्यासाठी हाच भाग सगळ्यात अवघड आहे.

दिंडीच्या विणेकरी बुवांना मी सगळं सरळ सांगितलं. देव मानत नाही, आजीच्या जागी यायचं आहे, चालेल का? बुवांनी भिशीची वही उघडली, आजीच्या नावापुढे माझं नाव लिहिलं आणि विचारलं, ‘‘तंबूत झोपणार का शाळेच्या वऱ्हांड्यात? आजी वऱ्हांड्यात झोपायची. तिथं बायका रातभर गात्यात, झोप मिळत न्हाई.’’ मी वऱ्हांडा म्हटलं. भिशीचे पैसे भरले, पावती घेतली. मग बुवा म्हणाले, ‘‘आनि फुगडी येती का? तुझ्या आजीची जोडीदारीन दर साली इचारती, कोन आलंय का म्हनून.’’

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान आहे. आत्या मला अंगणात फुगडी शिकवते आहे. मनगटं कशी अडकवायची, भार मागे कसा टाकायचा आणि समोरच्या बाईवर पूर्ण विश्वास ठेवून हात कसे सैल सोडायचे नाहीत, हे ती सांगते. आम्ही दोनदा पडलो.