फणस की बटाटा?

मराठीत माणसाच्या स्वभावाला उपमा द्यायची झाली की पहिला फणस आठवतो. बाहेरून काटे, आत गरे! घरोघरचे वडील, गावोगावचे हेडमास्तर आणि बँकोबँकींचे कॅशियर या एका फळाच्या आधारावर जन्मभर खेकसत आले. माझे म्हणणे, हे खाते एकदा तपासावे. आणि तपासायला बटाट्यासारखा साक्षीदार नाही.

मुंबईचा घाऊक कांदा-बटाटा बाजार १९८०च्या दशकात आमच्या वाशीला आला, तेव्हा नवी मुंबईकराला बटाट्यावर बोलायचा थोडा अधिकार आहेच. शीतगृहातल्या बटाट्यात थंडीने पिष्टाची साखर होते. तो कच्चाच चिरून कढईत टाका, वरून करपतो अन् आत दाताला लागतो. म्हणून आधी मिठाच्या पाण्यात कडा भुरभुरेपर्यंत उकडायचा. पाणी निथळून वाफ जाऊ द्यायची. (इथे घाई करणाऱ्याने सरळ रस्साभाजी करावी.) मग झाकण लावून पातेले असे हिंदकळायचे की फोडींना बाहेरून लगदा माखला पाहिजे. कडकडीत तेलात तोच लगदा वाळून कुरकुरीत होतो.

म्हणजे बघा, बटाट्याचे कवच हे आतल्या मऊपणाचेच असते. आणि ते खाता येते! फणसाची साल गुरांपुढे जाते.

आता एक पेन्शनर काउंटरवर येतो. सही जुळत नाही. ‘पुन्हा करा’ म्हणणे भागच आहे. न म्हणावे तर उद्या भलताच इसम त्याचे पैसे नेईल. हा कडकपणा त्याच्याच काळजीतून आलेला, बटाट्याचा. पण कॅशियर वर खेकसतो, ‘एवढंही समजत नाही?’ हे काटे. म्हातारा थरथरत्या हाताने सही करून निघून जातो. हाच कॅशियर रात्री शेजाऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात जागतो, ही बातमी म्हाताऱ्याला कोण सांगणार? त्याच्या पासबुकात तर काट्यांचीच नोंद झाली.

“पण आतून माणूस सोन्यासारखा आहे हो,” मी म्हटले.

“असेल,” ही कढईतून मान वर न करता म्हणाली, “पण अहो, फणस कापताना निदान हाताला तेल लावतात. काउंटरवर येणाऱ्याने काय लावून यायचं?”

मी उत्तर शोधत बसलो. एव्हाना ताटातल्या फोडी वाफेने मऊ पडू लागल्या होत्या. रिटायर झालेल्या साहेबांचे असेच होते.